महाबळेश्वरात घर घ्यायचंय? आधी एक पावसाळा भाड्याने राहा

महाबळेश्वरात घर बघायला येणारे बहुतेक जण डिसेंबरात येतात, नाहीतर मे महिन्यात. डिसेंबरात वेण्णा तलावाच्या काठी पहाटे दव गोठलेलं असतं आणि मे महिन्यात पुण्या-मुंबईच्या उकाड्यातून सुटका झालेली असते. अशा वेळी एजंटाने बंगल्याच्या गच्चीवर नेऊन दरी दाखवली की माणूस मनातल्या मनात व्यवहार करून मोकळा होतो. मी इथेच राहते, या गावावर माझा जीव आहे, म्हणून घर शोधायला येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगते: आधी इथला जुलै बघा, मग सातबारा बघा, आणि दरी सगळ्यात शेवटी बघा.

गावाचा नकाशा डोक्यात बसवा

आपण ज्याला महाबळेश्वर म्हणतो ती बाजारपेठ म्हणजे माल्कम पेठ. मुंबई इलाख्याचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्या काळात, १८२९च्या सुमारास ती वसली. पंचगंगेचं मंदिर असलेलं क्षेत्र महाबळेश्वर तिथून पाच-सहा किलोमीटरवर आहे. वेण्णा तलाव बाजारपेठेच्या अलीकडे, पाचगणीहून येणाऱ्या रस्त्याला लागूनच आहे. तो साताऱ्याच्या आप्पासाहेब महाराजांनी १८४२ साली बांधून घेतला. नौकाविहार, घोडे आणि मक्याची कणसं नंतर आली. तलाव मुळात पाण्यासाठी आहे आणि आजही नळाला येतं ते पाणी त्याचंच. म्हणून तलावाच्या वरच्या अंगाला बांधलेल्या घराचं सांडपाणी कुठे जातं, हा सगळ्या गावाचा प्रश्न होतो. घर बघताना तो तुम्हीही विचारायचा.

पाचगणी साधारण १९ किलोमीटरवर, त्याखाली पसरणीचा घाट आणि पायथ्याला वाई. पुणे १२० किलोमीटर. साताऱ्याला मेढा-केळघर मार्गे जातात, कोकणात उतरायला पोलादपूरचा आंबेनळी घाट. हे तीन रस्ते म्हणजे तुमच्या पुढच्या आयुष्याच्या तीन वाटा. त्यातली कोणती पावसात बंद पडते हे ठाऊक असलेलं बरं.

सुट्ट्यांच्या दिवसांत तलावाजवळ वाहनांच्या रांगा लागतात. दिवाळी, नाताळ ते नववर्ष, एप्रिल-मे आणि अलीकडे पावसाळ्यातले शनिवार-रविवार, या काळात मेटगुताडहून बाजारपेठ गाठायला तासाहून जास्त वेळ लागू शकतो. इथली माणसं त्या दिवसांत बाजाराची कामं सकाळी लवकर उरकतात. कायम राहायचं असेल तर तलावाच्या कोणत्या बाजूला घर आहे हा प्रश्न दृश्याच्या आधी येतो. दवाखाना, शाळा, गॅसची टाकी, सगळ्यासाठी त्याच रस्त्यावरून जायचंय.

पाऊस समजून घ्या

महाबळेश्वरात वर्षाला सरासरी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. २३ जुलै २०२१च्या सकाळी संपलेल्या २४ तासांत ५९४ मिलिमीटरची नोंद झाली. त्या पावसात आंबेनळी घाट आणि तापोळ्याचा रस्ता जागोजागी तुटला, खाली वाई तालुक्यात देवरुखवाडीवर दरड कोसळली. एरवीही जोराच्या पावसात तलाव भरून त्याचं पाणी पाचगणी रस्त्यावर येतं.

पण हा पाऊस सगळीकडे सारखा नाही, आणि घर शोधणाऱ्यासाठी ही सगळ्यात उपयोगाची माहिती आहे. कड्यावर आदळलेले ढग पूर्वेकडे जाता जाता रिकामे होतात. पाचगणीला महाबळेश्वरच्या साधारण एक तृतीयांश पाऊस पडतो आणि वाईला त्याहूनही खूप कमी. जेमतेम तीस किलोमीटरमध्ये हवामान पार बदलतं. म्हणजे क्षेत्र महाबळेश्वर किंवा मेटतळ्याच्या बाजूचं घर आणि भोसे, खिंगर, राजपुरीकडचं घर यांची देखभाल, ओल, औषधपाणी आणि घरातल्या माणसांचा मूड यांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. वयस्कर आई-वडिलांना घेऊन राहायचं असेल, कुणाला दमा किंवा सांधेदुखी असेल, तर मी सरळ पाचगणीच्या बाजूला बघा म्हणते. स्ट्रॉबेरीची शेतं, शाळा आणि वर्षभर राहणारी माणसं अशी चांगली वस्ती भिलार, भोसे, गुरेघर या पट्ट्यात आहे. मेटगुताड आणि अवकाळी तलावाच्या जवळ आहेत, पण वाहतूक त्यांच्याच दारावरून जाते.

जून ते सप्टेंबर भाड्याने राहा

घर घेण्याआधीचं हे पहिलं खरं पाऊल. पावसाळ्यात बंगल्यांना गिऱ्हाईक कमी असतं, त्यामुळे चार महिन्यांसाठी भाडंही बेताचं मिळतं. लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवून घ्या, पोलीस ठाण्यात भाडेकरू म्हणून माहिती द्या, आणि शक्य असेल तर ज्या वाडीत घर घ्यायचा विचार आहे तिथेच राहा.

या चार महिन्यांत काय बघायचं? मे महिन्याच्या शेवटी जुन्या घरांच्या पश्चिमेकडच्या भिंतींना गवताच्या झडी बांधलेल्या दिसतील. बांबूच्या चौकटीत दाट बसवलेलं गवत, छपराच्या वळचणीपासून जोत्यापर्यंत. पाऊस वाऱ्याबरोबर आडवा येतो, म्हणून भिंतीलाही पावसाळ्यापुरतं छप्पर लागतं. हल्ली गवताऐवजी पत्रा किंवा प्लास्टिकचा कागद लावतात. ज्या नव्या बंगल्याला झड लावायची सोयच नाही, पश्चिमेला मोठी काच आहे आणि छज्जा दीड फुटाचा, तो ऑगस्टमध्ये आतून बघा. काचेच्या खालच्या कोपऱ्यात फरशीचे सांधे काळे पडलेले असतात, भिंतीचा रंग हाताला पिठासारखा लागतो, कपाटाच्या मागच्या प्लायवर पांढरी बुरशी असते. मालकाने एप्रिलमध्ये रंग मारला की यातलं काही दिसत नाही.

वीज किती वेळ जाते, आली तर दाब कसा असतो, मोबाइलला रेंज कुठल्या खोलीत मिळते, इंटरनेटची तार झाड पडल्यावर किती दिवसांनी जोडतात, दूध आणि भाजी दारात येते की बाजारात जावं लागतं, रात्री दोन वाजता गाडी मिळते का, हे सगळं राहूनच कळतं. महाबळेश्वरात ग्रामीण रुग्णालय आहे, पाचगणीत बेल-एअर रुग्णालय आहे. मोठ्या उपचाराला सातारा किंवा पुणे गाठावं लागतं. धुक्यात, घाटातून. एकदा तरी पावसाळी रात्री तो रस्ता चालवून बघा.

आणि एप्रिल-मे महिन्यात परत येऊन विहिरीत डोकवा. इतक्या पावसाचं पाणी राहत नाही, कारण वरचा जांभा दगड सच्छिद्र आहे आणि उतार तीव्र. पाणी मुरतं, झऱ्यांनी खाली जातं, आणि उन्हाळ्यात बऱ्याच वाड्यांना टंचाई भासते. घराला नळजोड आहे की टँकर, हे उन्हाळ्यातच कळतं.

२००१ची अधिसूचना वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका

१७ जानेवारी २००१ला केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयाने महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. इथल्या प्रत्येक व्यवहारावर या कागदाची छाया आहे. झाड तोडणं, डोंगर खोदणं, तीव्र उतारावर बांधणं, भूजल उपसणं, उद्योग सुरू करणं, सगळ्यावर बंधनं आहेत. नियमांची अंमलबजावणी बघायला उच्चस्तरीय सनियंत्रण समितीची तरतूद आहे. काही लोक याला अडचण म्हणतात. मला वाटतं, इथे अजून बघण्यासारखं जंगल उरलं आहे त्यात या अधिसूचनेचा मोठा वाटा आहे, आणि इथे घर घेणाऱ्याने ती मनापासून मान्य करूनच यावं.

व्यवहारापुरता तिचा अर्थ असा: मोकळा प्लॉट घेऊन 'नंतर हवं तसं बांधू' हे इथे चालत नाही. नगररचना कार्यालयातून झोन दाखला घ्या. जमीन कोणत्या विभागात आहे, तिथे राहण्यासाठी बांधकाम चालतं का, किती क्षेत्र आणि किती उंची, हे लेखी मिळाल्याशिवाय विसारही देऊ नका.

तयार घर असेल तर बांधकाम परवानगी आणि भोगवटा दाखला मागा. वाड्या-वस्त्यांतल्या बंगल्यांबाबत इथे एक चूक वारंवार होते. मालक ग्रामपंचायतीचा नमुना ८चा उतारा आणि विजेचं बिल पुढे करतो आणि 'सगळे कागद आहेत' म्हणतो. नमुना ८ ही घरपट्टी आकारणीची नोंद आहे. अनधिकृत घरालाही घरपट्टी लागते. त्यावरून बांधकाम कायदेशीर ठरत नाही. विजेच्या बिलाचंही तसंच. या भागात अनधिकृत बांधकामांवर पाडकामाची कारवाई होते, आणि त्या दिवशी नुकसान नव्या मालकाचं होतं.

जमीन कोणत्या जातीची आहे

इथे जमिनीचे साधारण तीन प्रकार समोर येतात.

गावातले जुने, मोठे, झाडीत लपलेले बंगले पुष्कळदा सरकारी भाडेपट्ट्यावर आहेत. बंगला विकत मिळतो, जमीन सरकारचीच राहते. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) सत्ताप्रकाराचा, म्हणजे जमीन कोणत्या हक्काने धरली आहे तो रकाना बघा, पट्ट्याची मूळ प्रत मागा, मुदत कधी संपते किंवा संपली आहे, नूतनीकरण झालंय का, हस्तांतराला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते का आणि वापर फक्त राहण्याचा आहे की अन्य, हे वकिलाकडून तपासून घ्या. मुदत संपलेल्या पट्ट्यावरचा बंगला 'नूतनीकरण होईलच' या भरवशावर घेऊ नका.

दुसरा प्रकार शेतजमिनीचा. कुळकायद्याच्या कलम ६३ प्रमाणे महाराष्ट्रात शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमीन घेता येत नाही. तुमच्या नावावर राज्यात कुठे शेती असेल तर तो सातबारा आणि शेतकरी असल्याचा दाखला जोडावा लागतो. परदेशात राहणाऱ्या अनिवासी मराठी माणसांनी लक्षात ठेवावं की परकीय चलन कायद्यानुसार त्यांना इथे राहतं घर घेता येतं, पण शेतजमीन आणि फार्महाऊस विकत घेता येत नाही. 'भावाच्या नावावर घेऊ, नंतर बघू' हा मार्ग पुढे घराघरांत भांडणं लावतो.

त्यातच गुंठ्याचे तुकडे येतात. कुणी एकराचा तुकडा घेऊन पाच-पाच गुंठे विकतो आणि सगळ्यांची नावं एकाच सातबाऱ्यावर सामाईक चढवतो. तुकडेबंदी कायद्यात शेतजमिनीच्या प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान तुकड्याच्या व्यवहाराला बंदी आहे. २०२३च्या ऑगस्टमध्ये राज्याने बहुतेक जिल्ह्यांसाठी हे क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे केलं. सामाईक सातबाऱ्यात तुमचे पाच गुंठे नेमके कुठे आहेत याला कागदोपत्री काही आधार नसतो, आणि हद्द, रस्ता, पाणी यांवरून पुढे शेजारी-शेजारी कोर्टात जातात.

तिसरा प्रकार बिगरशेती प्लॉट किंवा इमारतीतला फ्लॅट. बाहेरून येणाऱ्या कुटुंबासाठी मला हाच सगळ्यात सुरक्षित वाटतो. पाचगणीच्या बाजूला फ्लॅट आहेत. नवा प्रकल्प असेल तर महारेरा (बांधकाम प्रकल्पांची सरकारी नोंदणी) क्रमांक बघा, संकेतस्थळावर मंजूर नकाशा उघडून प्रत्यक्ष इमारतीशी ताडून बघा.

तापोळ्याच्या बाजूला कोयनेच्या शिवसागर जलाशयाकाठी जमिनी स्वस्त मिळतात अशा जाहिराती दिसतात. पाणी, डोंगर, शांतता, सगळं खरं आहे. पण तिथे अभयारण्य, व्याघ्र प्रकल्प, धरणाची संपादित जमीन आणि नव्या महाबळेश्वर प्रकल्पासाठी नियोजन प्राधिकरण म्हणून नेमलेलं रस्ते विकास महामंडळ, इतके धागे एकत्र आले आहेत की अनुभवी वकिलाशिवाय तिकडे पाऊल टाकू नये. २०२४ साली त्याच भागातल्या झाडाणी गावातल्या मोठ्या जमीनखरेदीची सरकारी चौकशी झाली, हे वर्तमानपत्रांत आलेलंच आहे.

सातबारा कसा वाचायचा

ऑनलाइन उतारा काढा, पण डिजिटल सहीचा. वरच्या बाजूला भूधारणा पद्धत असते. भोगवटादार वर्ग १ असेल तर बरं. वर्ग २ असेल तर विक्रीला सरकारी परवानगी लागते आणि नजराणा भरावा लागू शकतो. मग नजर 'इतर अधिकार' या रकान्यावर न्या. बहुतेक लोक इथे थांबत नाहीत, आणि खरी गोष्ट नेमकी तिथेच लिहिलेली असते: कुळाचं नाव, बँकेचा बोजा, 'कुळकायदा कलम ४३ला अधीन', 'पुनर्वसनासाठी हस्तांतरास बंदी', देवस्थान इनाम, राखीव वन किंवा खाजगी वनाची नोंद. शेवटच्या नोंदीला इथे फार महत्त्व आहे. १९७५च्या खाजगी वन संपादन कायद्याखाली आलेली जमीन कागदावर कुणाच्याही नावे दिसली तरी ती प्रत्यक्षात सरकारची असू शकते. नोंद कंसात असेल, म्हणजे कमी केलेली असेल, तरी ती कोणत्या फेरफाराने (हक्कातल्या बदलाच्या नोंदीने) कमी झाली तो फेरफार काढून वाचा.

मग जुने फेरफार काढा. किमान ३० वर्षांचा शोध अहवाल वकिलाकडून घ्यायचा, तोही तुम्ही नेमलेल्या वकिलाकडून. या तालुक्यातल्या आणि जावळीतल्या कितीतरी कुटुंबांची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत कामाला आहेत. गावी एक भाऊ राहतो, व्यवहार तोच करतो, आणि सातबाऱ्यावर मात्र अकरा नावं असतात. त्यातल्या बहिणी, मुंबईतले पुतणे, वारलेल्या काकांचे वारस या सगळ्यांच्या सह्या किंवा नोंदणीकृत हक्कसोडपत्र हवं. 'ते काही म्हणणार नाहीत' हे वाक्य ऐकलं की थांबा. आणि वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्याच, तीही साताऱ्यात आणि मुंबईत दोन्हीकडे वाचली जाईल अशी.

मोजणी भूमी अभिलेख कार्यालयाकडून करून घ्या आणि त्या दिवशी शेजाऱ्यांना बोलवा. डोंगरात हद्दीचे दगड सरकतात. दोन घोट चहा पाजून शेजाऱ्याच्या तोंडून हद्द ऐकली तर पुढची वीस वर्षं बरी जातात.

कर्ज घ्यायचं नसलं तरी एखाद्या बँकेकडे अर्ज करून बघा. बँकेच्या वकिलाने कागद नाकारले तर का नाकारले ते विचारा. तुमच्या खिशातून गेलेल्या अर्जाच्या शुल्कात दुसरं मत मिळतं.

जागेवर जाऊन काय बघायचं

घराच्या वर काय आहे आणि खाली काय आहे, हे दोन्ही चालत जाऊन बघा. वरच्या बाजूला ताजा खोदलेला डोंगर, खोडाशी वाकलेली झाडं, भिंतीसारख्या उभ्या कापातून पाझरणारं पाणी दिसलं तर ती जागा सोडा. ओढ्याची वाट कुणी भराव टाकून वळवली आहे का, गावातल्या म्हाताऱ्यांना विचारा. पाणी जुनी वाट विसरत नाही. संरक्षक भिंतीत पाणी निघायला भोकं आहेत का, ती मातीने बुजलीत का, भिंत बाहेर पोट काढून उभी आहे का, ते बघा. छप्पर उतरतं हवं, पन्हळी मोठ्या हव्यात, आणि सपाट गच्चीचं घर असेल तर तिच्यावर पत्र्याचं छप्पर घालायची परवानगी मिळते का हे आधी विचारा. मैलाटाकी विहिरीपासून लांब आणि विहिरीपेक्षा खालच्या उताराला असावी. गाडी घराच्या दारापर्यंत जाते तो रस्ता कुणाच्या मालकीचा, हे गट नकाशात दाखवायला लावा. नुसत्या तोंडी वहिवाटीवर सोडू नका.

पैशांचं आणि नोंदणीचं

मुद्रांक शुल्क गावाच्या हद्दीप्रमाणे बदलतं. राहतं घर स्त्रीच्या नावे घेतलं तर १ टक्का सूट आहे. नोंदणी शुल्क १ टक्का, पण जास्तीत जास्त ३०,००० रुपये. बिगरशेती मिळकतीची किंमत ५० लाख किंवा जास्त असेल तर १ टक्का करकपात करून ती तुम्ही भरायची. विकणारा परदेशात राहत असेल, आणि जुन्या बंगल्यांचे कितीतरी मालक राहतात, तर कपातीचा नियम वेगळा आणि दर बराच जास्त असतो. सनदी लेखापालाला आधी विचारा.

आधी विसार, मग नोंदवलेलं साठेखत (विक्रीचा करार), शेवटी खरेदीखत, हा क्रम मोडू नका. साठेखतात लिहून घ्या की परवानगी किंवा वारसांची सही आली नाही तर रक्कम किती दिवसांत परत. रोखीचा आग्रह धरणाऱ्याला नाही म्हणा.

किमतीशिवाय दरवर्षीचा खर्च धरा: झडी, शाकारणी, रंग, ओल काढणं, पंप आणि वर्षभर लक्ष ठेवणारा माणूस. त्या माणसाला पगार वेळेवर आणि नीट द्या, त्याच्या कुटुंबाच्या राहण्याची जागा कोरडी ठेवा. तुम्ही नसताना छप्पर उडालं तर पावसात वर चढणारा तोच असतो.

घर बाकीचे दिवस पर्यटकांना देण्याचा विचार असेल तर पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदणी करा, आणि राहण्यासाठी मिळालेल्या परवानगीत किंवा भाडेपट्ट्यात असा वापर चालतो का ते आधी तपासा. हप्ता या कमाईतून फेडायचं गणित करू नका. हंगाम थोडा आहे आणि खोल्या भरपूर.

खरेदीखतानंतर

फेरफाराचा अर्ज लगेच द्या. नमुना ९ची नोटीस निघते, हरकतीला १५ दिवस असतात, मग मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतात. ती प्रत्यक्ष उताऱ्यावर चढल्याचं बघा. घरपट्टी, पाणीपट्टी आणि वीजजोड नावावर करून घ्या. आवारातल्या फांद्यासुद्धा परवानगीशिवाय छाटू नका. माकडं येतात, म्हणून कचऱ्याच्या डब्याला घट्ट झाकण लावा आणि खिडक्यांना जाळी बसवा. गवे दिसले तर गाडीचे दिवे मंद करून थांबा. आणि मे महिन्याच्या मध्याआधी झडी बांधणाऱ्या माणसाला गाठा, कारण वळिवाची पहिली सर आली की गावातली सगळी घरं त्यालाच बोलावत असतात.